एका तोंडाच्या एकतीस चिठ्ठ्या

रस्ता ओलांडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की छत्री ऑफिसातच राहिली. परत जायचं म्हणजे तीन जिने, आणि लिफ्ट सोमवारपासून बंद. तिनं त्या तीन जिन्यांचा नुसता विचार केला आणि तेवढ्यानंच पाय भरून आले. मग जे पहिलं छप्पर दिसलं, त्याखाली ती जाऊन उभी राहिली. पाऊसही कसा, तर दमलेला. पडू की नको, पडू की नको करत पडणारा...

छप्पर एका दुकानाचं होतं. दुकान कसलं, दोन माणसं समोरासमोर उभी राहिली तर तिसऱ्यानं श्वास कुठं घ्यावा असा प्रश्न पडेल, एवढीशी खोली. एक मशीन, एक आरसा, एक स्टूल, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले लोकांचे कपडे. दारावर पाटी होती : 'इथे नवे कपडे शिवत नाहीत. फक्त ऑल्टर.'

पाटी वाचली आणि ती थबकली. गेले अकरा दिवस ती याच शब्दापाशी अडकून पडली होती.

तिचं काम शब्दांचं. समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एक कोश तयार होत होता. आपल्या रोजच्या बोलण्यात येऊन पाय पसरून बसलेल्या इंग्रजी शब्दांचा. कोशाचे संपादक म्हणजे मोठे सर. सरांचा एक हट्ट होता : उदाहरणाचं वाक्य डोक्यातून काढायचं नाही. ते कुणाच्या तरी तोंडून, आपल्या कानांनी ऐकलेलं पाहिजे. ऐकलं की चिठ्ठीवर उतरवायचं. वाक्य काय, कोण बोललं, कुठं, कधी, आणि शेवटच्या रकान्यात प्रसंग. "मनानं रचलेलं वाक्य म्हणजे कोशातली चोरी," असं सर म्हणत. बावीस वर्षांत त्यांनी एकाच माणसाला कामावरून काढलं होतं, आणि तेही अशाच एका रचलेल्या वाक्यापायी.

'चेंज' सोपा गेला. तो तर ज्याच्या त्याच्या जिभेवर. पण 'ऑल्टर'? अकरा दिवसांत तीन चिठ्ठ्या जमल्या होत्या. त्यातली एक तिच्या आईचीच.

आतून आवाज आला.

"ऑल्टर करा, पण केलंय हे कळता कामा नये. लग्नातला कोट आहे माझा." एक पोट सुटलेले गृहस्थ आरशासमोर श्वास रोखून उभे होते.

"किती वर्षं झाली लग्नाला?" टेलरनं विचारलं. तोंडात दोऱ्याचं टोक, गळ्यात टेप.

"एकोणीस."

"साहेब, इथं ऑल्टर होतं, चमत्कार होत नाही."

ती हसली नाही. तिनं पिशवीतून चिठ्ठी काढली, भिंतीला टेकवली आणि भराभर लिहायला लागली. गृहस्थ श्वास सोडून निघून गेले. टेलर दारात आला.

"आमच्या दुकानाची तक्रार लिहिताय का?"

"नाही हो. तुम्ही आत्ता बोललात ते लिहितेय."

"मी बोललेलं?" त्यानं दातातला दोरा काढला. "का? मी काही वावगं बोललो?"

तिनं सांगितलं. कोश, चिठ्ठ्या, अकरा दिवस. सांगताना तिला जाणवलं की आपण फार बोलतोय. पण तो ऐकत होता, तोही कसा, तर एखाद्याच्या कोटाची बाही किती लांब आहे हे बघावं, तसा. डोळे बारीक करून. मनापासून.

"म्हणजे माझं वाक्य पुस्तकात येणार?"

"येईलच असं नाही. पण पुरावा म्हणून फाइलीत राहील."

"आजवर माझा कसलाच पुरावा कुठं राहिला नव्हता," तो म्हणाला. "बसा. पाऊस आहे."

"थांबलाय आता."

त्यानं मान बाहेर काढून आभाळाकडे पाहिलं. "येईल परत."

नाही आला. तरी ती पंधरा मिनिटं बसली.

*

तिचं वय छत्तीस. घरी ती आणि आई. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं त्याला वर्ष होत आलं होतं. उठवायचं, बसवायचं, औषधं, व्यायाम, बाजार, ऑफिस, परत उठवायचं. कुणी विचारलं तर ती "बरं चाललंय" म्हणायची, आणि ते खोटंही नव्हतं. चाललेलं होतंच. थांबत नव्हतं, हीच तर त्यातली गोम होती.

सल्ले मात्र भरपूर. दादा फोनवर म्हणायचा, "तू जरा बदल गं, हसत जा." वहिनी म्हणायची, "केस तरी काप, चेंज वाटेल." मावशी म्हणायची, "स्वभाव बदल, म्हणजे स्थळं येतील." ही सगळी वाक्यं 'चेंज'च्या फाइलीत पोचली होती, तारखेसकट.

टेलरच्या दुकानात मात्र कुणी तिला काही सांगत नसे. तिथं तिनं फक्त ऐकायचं आणि लिहायचं. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग दुपारी चहाच्या वेळेला रोज. समोरच्या टपरीवरून दोन ग्लास यायचे. आधी एकच यायचा... कधीपासून दोन झाले, हे दोघांनीही विचारलं नाही.

तोही दमलेलाच माणूस होता. दहा वर्षं एका कारखान्यात शर्टाच्या डाव्या बाह्या शिवल्या होत्या.

"फक्त डाव्या?"

"फक्त डाव्या. उजव्या पलीकडच्या ओळीत. दहा वर्षांत अख्खा शर्ट पाहिला नाही मी. स्वप्नात माणसं यायची ती एकाच हाताची."

ती हसली. फार दिवसांनी हसल्यामुळे गाल दुखल्यासारखे झाले.

"मग बहिणीचं लग्न करून दिलं, आणि म्हटलं आता बास. मग हे दुकान. नवं शिवायचंच नाही. नवा कपडा कसा, कुणाचाच नसतो. ऑल्टरला माणूस कपडा अंगावर घालून येतो. इथं ओढतंय, इथं सैल झालंय, असं स्वतः सांगतो. डॉक्टरकडे तरी इतकं खरं बोलतात का लोक?"

तिनं चिठ्ठी काढली.

"झालं! आली चिठ्ठीबाईंची चिठ्ठी," तो म्हणाला. तेव्हापासून ती चिठ्ठीबाई.

"मला एक सांगा," ती म्हणाली, "सर विचारतात, चेंज आणि ऑल्टर यात फरक काय? लोक दोन्ही कशाला वापरतात?"

त्यानं हातातली पँट उलटी केली, शिवणीवर अंगठा फिरवला.

"चेंज म्हणजे हा नको, दुसरा आणा. ऑल्टर म्हणजे हाच हवाय... जरा सांभाळून घ्या."

पेन्सिल तिच्या हातात तशीच राहिली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, आरसा थरथरला, आरशातले दोघंही थरथरले.

"लिहीत नाही?"

"लिहिते ना. जरा हळू बोला."

"माझं तर बोलून झालं."

"तरी," ती म्हणाली.

दुसऱ्या एका दुपारी त्यानं तिच्या कुर्त्याकडे पाहून विचारलं, "पिशवी नेहमी उजव्याच खांद्यावर घेता?"

"हो. का?"

"तो खांदा खाली गेलाय. कुर्ता मी ऑल्टर करून देईन, दहा मिनिटांचं काम आहे. खांद्याचं नाही जमणार. त्याला विश्रांती लागते."

"ती कुठं मिळते?" तिनं थट्टेत विचारलं. पण आवाज थट्टेचा आला नाही.

तो उठला, तिच्या खांद्यावरची पिशवी काढली, खिळ्याला टांगली. "सध्या इथं मिळतेय," म्हणाला आणि परत मशीनवर जाऊन बसला. पायडलचा आवाज सुरू झाला. ती भिंतीला टेकून बसली, चहा गार होईपर्यंत.

एकदा तिनं विचारलं, "शिवण उसवून दुसरीकडे घातली, की जुनी दिसत नाही का?"

"टाक्यांची भोकं राहतात थोडी."

"मग?"

"मग काही नाही. वाफेची इस्त्री फिरवायची. कापड बरंचसं विसरतं." दोरा दातांनी तोडून तो म्हणाला, "आणि नाही विसरलं तरी घालणाऱ्यालाच ठाऊक असतं. बाकीच्यांना कुठं दिसतंय?"

तीही चिठ्ठी झाली.

*

अशात एका संध्याकाळी सात वाजता दादाचा फोन आला. सातलाच यायचा नेहमी.

"हे बघ, मी ठरवलंय," दादा म्हणाला. "तुम्ही दोघी इकडे या. वरची खोली रिकामी आहे. एक तारखेला गाडी पाठवतो. तुझ्यासाठी इथल्या शाळेत शब्द टाकलाय. तिकडे काय ठेवलंय तुझं? नुसत्या चिठ्ठ्या?"

दादा वाईट नव्हता. दादाला खरंच काळजी होती. आणि ती इतकी दमली होती, की 'नाही' म्हणायला जेवढं बळ लागतं तेवढं त्या दिवशी तिच्यात उरलं नव्हतं. नाही म्हटलं की 'का' येतो, आणि 'का'ला उत्तर द्यावं लागतं.

"बरं," ती म्हणाली.

फोन ठेवून तिनं आईला सांगितलं. आई खिडकीशी बसली होती. "तुम्ही ठरवाल तसं," आई म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.

खोकी आली. पुस्तकं भरून झाली, जाड पातेली भरून झाली. दुकानात मात्र तिनं काही सांगितलं नाही. उद्या सांगू, म्हणायची. तिथं जाऊन बसलं की वाटायचं, आजचा एक दिवस राहू दे. एक दिवस, आणखी एक दिवस... आणि एक तारीख नऊ दिवसांवर आली.

त्या दुपारी दुकान बंद होतं. तो कुठं दोरे आणायला गेला होता म्हणे. ती ऑफिसात परत आली, टेबलाशी बसली, समोर कोरी चिठ्ठी. आणि तिच्या हातानं, तिला पुरतं कळायच्या आत, एक वाक्य लिहिलं :

'तुम्ही जाऊ नका. बाकी सगळं ऑल्टर करता येईल.'

कोण बोललं : ऑल्टरवाला. कुठं : कोपऱ्यावरचं दुकान. कधी : आजची तारीख. प्रसंगाच्या रकान्यापाशी मात्र हात थांबला. तिथं तिनं नुसती एक आडवी रेघ ओढली.

फाडून टाकायचं म्हणून ती चिठ्ठी तिनं बाजूला ठेवली. तेवढ्यात घरून शेजारणीचा फोन आला, आईच्या गोळ्या सापडत नाहीत. त्या कुठल्या खोक्यात भरल्या गेल्या हे आठवता आठवता चिठ्ठी गठ्ठ्यात गेली ती गेलीच.

*

तीन दिवसांनी मोठ्या सरांनी तिला बोलावलं. टेबलावर 'ऑल्टर'च्या सगळ्या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या मांडलेल्या.

"बसा. किती आहेत या?"

"चाळीस... बेचाळीस असतील."

"बेचाळीस. त्यातल्या एकतीस एका माणसाच्या." सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, एका तोंडातून शब्द पाच वेळा आला तर तो पुरावा. एकतीस वेळा आला तर ती सवय. त्याची नव्हे, आपली."

तिचे कान तापले.

"आणि हा प्रसंगाचा रकाना. तो थोडक्यात भरायचा असतो. गिऱ्हाइकाशी बोलताना, एवढं पुरे. हे काय आहे? 'दोरा दातात धरून, अर्धवट हसत.' हे? 'पाऊस होता म्हणून थांबले.' आणि याच्या पुढची... 'पाऊस नव्हता.'"

सर वाचत होते ते सपाट आवाजात, मुद्रितं तपासावीत तसे. तेच जास्त वाईट होतं.

"नियम ठाऊक आहे ना? एका माणसाच्या पाचाच्या वर चिठ्ठ्या असतील, तर त्या त्याला दाखवायच्या. मी असंच बोललो, म्हणून प्रत्येकीवर त्याची सही आणायची. नाहीतर सगळ्या टोपलीत."

"टोपलीतच टाकूया सर," ती चटकन म्हणाली.

"छे! यातल्या चार-पाच तर सोन्यासारख्या आहेत. 'हाच हवाय, जरा सांभाळून घ्या.' असा अर्थ मला बावीस वर्षांत कुणी लिहून दिला नाही." सरांनी गठ्ठा जुळवला. "मी लाल पेन्सिलीनं आकडे घातलेत, एक ते एकतीस. आकडा चुकला तर विचारीन. आजच जा."

दुसऱ्या जिन्यावर पोचल्यावर तिला आठवलं. गठ्ठा चाळून तिनं पाहिलं. ती चिठ्ठी तिथंच होती. डोक्यावर लाल पेन्सिलीनं गोल करून आकडा : एकतीस.

ती जिन्यावरच बसली. पायरी गार होती. चिठ्ठी काढली तर सरांना सांगावं लागणार, ठेवली तर त्याला दाखवावी लागणार. चोरी दोन्हीकडून उघडी. थोडा वेळ तिनं काहीच ठरवलं नाही. मग उठली, कारण बसून राहिलं तरी जिना उतरायचा राहतच होता.

*

"सह्या?" तो हसला. "एकतीस? अहो, बहिणीच्या लग्नातसुद्धा एवढ्या केल्या नाहीत."

"मी वाचते, तुम्ही नुसतं हो म्हणा."

"वाचता मलाही येतं, चिठ्ठीबाई. आणा इकडे."

"नको, मीच—"

पण गठ्ठा त्याच्या हातात गेला होता. त्यानं मशीनवरचं कापड बाजूला सारलं, खडूचा डबा हलवला, आणि एकेक चिठ्ठी वाचायला लागला. आधी मोठ्यानं वाचत होता. 'चमत्कार होत नाही'वर स्वतःच हसला, सही केली. पाचवीनंतर मनात वाचू लागला. दहावीनंतर हसणं थांबलं. तो वाक्यं वाचत नव्हता हे तिला कळत होतं. वाक्यं त्याचीच होती, ती काय वाचायची? त्याची नजर प्रत्येक चिठ्ठीवर खाली, शेवटच्या रकान्यावर जाऊन थांबत होती.

'सुईत दोरा ओवताना जीभ थोडी बाहेर.'

'आज दाढी केलेली.'

'मी निघाल्यावर दारापर्यंत आला. मागे वळून पाहिलं नाही, पण आला होता.'

"वळून पाहिलं नाहीत, तर कळलं कसं?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"समोरच्या दुकानाच्या काचेत दिसलं."

तो सही करत राहिला. तिसाव्या चिठ्ठीपर्यंत. एकतिसावी हातात घेतली आणि ठेवली नाही.

"हे मी बोललो नाही."

"माहितीये."

"बाकी सगळीकडे एवढं एवढं लिहिलंय. इथं नुसती रेघ."

"प्रसंग घडलाच नव्हता, काय लिहिणार?" ती म्हणाली. मग एका दमात, जणू थांबली तर परत जमणार नाही, "ते मी लिहिलंय. तुमच्या नावावर. असं करायचं नसतं. उद्या सरांना सांगणार आहे. काढून टाकलं तर काढून टाकतील, तसंही मी..."

"'जाऊ नका' म्हणजे? कुठं जाताय?"

तिनं सांगितलं. दादा, वरची खोली, एक तारीख. सहा दिवस. सांगताना ती टांगलेल्या कपड्यांकडे बघत होती. कुणाची तरी निळी पँट, कुणाची तरी बाही.

त्यानं चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. तिला वाटलं, झालं. आता 'शुभेच्छा' म्हणेल, आणि ते सोपंच होईल. घरी जाऊन झोपता येईल.

"पहिली गोष्ट," तो म्हणाला, "हे वाक्य खोटं आहे. बाकी सगळं ऑल्टर करता येतं, असं मी कधीच म्हणणार नाही. धंद्यात आहे मी. मुळात कापडच कमी असलं तर काही करता येत नाही."

"हं."

"दुसरी गोष्ट... तुम्ही आला नाहीत त्या दिवशी मी चहा घेत नाही. महिना झाला. आधी मला वाटलं, पोट बिघडलंय."

तिला हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही कसं आवरावं ते तिला कळेना.

"आणि तिसरी. जाऊ नका, असंही मी म्हणणार नाही." त्यानं चिठ्ठी मशीनवर ठेवली, अगदी हळू. "जो उठतो तो तुम्हाला सांगतो, हे करा, ते करा, बदला, इकडे या. त्यात माझी भर कशाला? मी विचारलं असतं."

"काय?"

"राहाल का?"

एवढंच. बाहेर रस्ता चालू होता, कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. तिचा हात सवयीनं पिशवीकडे गेला. चिठ्ठी निघाली, पेन्सिलही निघाली. तिनं त्या कोऱ्या चिठ्ठीकडे पाहिलं आणि दोन्ही परत पिशवीत ठेवून दिल्या.

"लिहीत नाही?"

"नाही. हे कोशासाठी नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. तीही. आरसा बाजूलाच होता, पण त्यात कुणी पाहिलं नाही.

"मी फार दमलेय हो," ती म्हणाली. "माझ्यात आता नवं काही करायचं त्राण नाही. उत्साह, फिरणं, नटणं... मला प्रेमसुद्धा धड जमणार नाही कदाचित."

"मी कुठं ताजातवाना आहे?"

"दोन दमलेली माणसं. काय होणार त्यांचं?"

"निदान घाई तरी कुणाला नसेल," तो म्हणाला.

तिनं एकतिसावी चिठ्ठी उचलली, दोनदा फाडली, तुकडे मुठीत ठेवले. "मी निघते. आईला सांगायला हवं."

"मी येऊ?"

"आज नको."

"मग उद्या?"

ती दारात थांबली. तो मागून आला होता. या वेळी ती वळली. समोरासमोर उभं राहून, नीट बघून म्हणाली, "उद्या या."

*

घरी खोक्यांमधून वाट काढत ती आत गेली. आई खिडकीशीच होती. संध्याकाळचा उजेड तिच्या मांडीवरच्या चादरीवर पडला होता. ती आईसमोर एका खोक्यावर बसली. सांगायचं खूप होतं, सुरुवात कुठून करावी कळत नव्हतं. आणि मग तिच्या लक्षात आलं, की एक गोष्ट आपण कधी केलीच नाही.

"आई, तुला जायचंय का दादाकडे?"

आई तिच्याकडे बघत राहिली. "आज विचारतेस होय? पातेली भरून झाल्यावर?"

"सांग ना."

"नाही," आई म्हणाली. "मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे. पण तिथं मी पाहुणी. आठ दिवस पाहुणपण बरं वाटतं, जन्मभर कोण करणार? इथं निदान भांडायला शेजारीण आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती दमलीयेस ते दिसत होतं मला. म्हटलं, तिकडे गेलं तर तुला तरी बसायला मिळेल."

तिनं पुढं होऊन आईच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं, दुखऱ्या बाजूला भार पडणार नाही अशा बेतानं. आईनं तिच्या केसांतून हात फिरवला.

"कुणी विचारलं का तुला, राहायला?"

ती दचकली. "हो."

"तो डाव्या बाहीवाला?"

"तुला कसं ठाऊक?"

"दोन महिने जेवताना दुसरं काय ऐकतेय मी? टेलर असं म्हणाला, टेलर तसं म्हणाला. त्याची निम्मी वाक्यं मला पाठ झालीयेत." आई थोडी पुढं वाकली. "माणूस बरा बोलतो. तुझ्या वडिलांपेक्षा बरा. ते तर बोलायचेच नाहीत."

"आई!"

"उद्या येणार असेल, तर तो पातेल्यांचा खोका आधी उघड. चहा कशात करणार?"

तेवढ्यात सात वाजले आणि फोन वाजला. ती उठायला लागली. तिच्या खांद्यावर हात ठेवून आईनं तिला खाली बसवलं, आणि वर्षभरात पहिल्यांदाच, खुर्चीचा हात धरून, तोंडानं हळूच 'आई गं' करत, आपली आपण उठली. तीन पावलं. फोन उचलला.

"हां, बोल रे. ...नको, गाडी नको पाठवू. आम्ही येत नाही. ...अरे, असं अचानक म्हणजे? आज विचारलं, आज सांगितलं. ...तिला? तिला नाही देत फोन." आईनं वळून खोक्यांमध्ये बसलेल्या लेकीकडे पाहिलं. "बसलीये ती. बसू दे."